काटोलहून आणलेली दोन कॅरेट संत्री

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कोणी विचारलं की विषय बदलायचा. आता ते मला इतकं जमतं की समोरच्याला कळतही नाही.

आमच्या महासंघाची स्मरणिका निघणार आहे. पिकवणारा जिथे स्वतः बसून विकतो, असे आठवडी शेतकरी बाजार राज्यात ठिकठिकाणी आहेत, त्या सगळ्यांचा हा महासंघ. त्याच्या स्थापनेत मी होतो, पहिला अध्यक्षही मीच. महासंघाच्या, नागपूरजवळ वाडीला असलेल्या ऑफिसातून एका मुलीचा फोन येतो. फार गोड बोलते. "सर, बाकीचा इतिहास आम्ही लिहू. तुम्ही फक्त तो संत्र्यांचा प्रसंग लिहून द्या, तुमच्या शब्दांत." पहिल्यांदा मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कारण दिलं. दुसऱ्यांदा पुतणीच्या लग्नाचं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सर, मी घरी येऊन उतरवून घेऊ का?" तेव्हा मी घाबरलो. म्हणालो, नको, लिहितो.

तो प्रसंग महासंघात सगळ्यांना पाठ आहे. नवीन बाजार सुरू झाला की प्रशिक्षणात सांगतात: नागपूरला स्थापनेच्या सभेत, स्वतःच्या बाजारातली सगळ्यांत जुनी बाई, पण तिने दुसऱ्याचा माल आणून विकला म्हणून अध्यक्षांनी भर सभेत तिचं नाव खोडलं. आपल्या माणसालाही सोडलं नाही. मी पुढच्या रांगेत बसून हे ऐकलेलं आहे. एकदा तर ऐकून झाल्यावर उठून शालही घेतली आहे.

प्रसंग सांगतात तो घडला तसाच सांगतात. त्यात फक्त एक गोष्ट नसते, कारण ती सभेतल्या कोणालाच माहीत नव्हती. सभेत ती माहीत होती फक्त त्या बाईला आणि मला.

मी कृषी खात्यात नोकरी केली. नोकरीत असताना काटोल तालुक्यातल्या एका खेड्यात शिबिर होतं. मी भाजीपाल्याच्या सुधारित लागवडीवर तासभर बोललो. शेवटी मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "सायेब, पिकवा कसं ते दरसाल सांगता. विका कसं ते कोण सांगते?" लोक हसले. मीही हसलो. पण निवृत्त झाल्यावर, नागपुरात नंदनवन वस्तीतल्या घरात सकाळी पेपर वाचून झाल्यावर पुढे काय करायचं ते कळेना, तेव्हा हे वाक्य डोक्यात यायचं. शेवटी मी ती बाई शोधून काढली. घराजवळच्या शाळेचं पटांगण रविवारी सकाळी मोकळं असायचं, ते मागून घेतलं आणि म्हणालो, या, इथे बसून विका.

त्या आल्या. पहाटेच्या एसटीने काटोलहून, डोक्यावर गाठोडं, आणि मागे गावातल्या आणखी चार बाया. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील, तरी मीही मावशीच म्हणायला लागलो. पालक, वांगी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा. नंदनवनातल्या बाया पिशव्या घेऊन आल्या आणि दहाच्या आत सगळं संपलं. सांबाराची जुडी वासासाठी नाकाला लावून एक म्हातारी म्हणाली, "अवं, हा तर आमच्या माहेरचा वास हाये." मावशी म्हणाल्या, "मंग माहेरी आल्यासारखं दर रविवारी येत जा."

बाजार वाढला तशी लबाडीही आली. एक जण ठोक बाजारातून फुलगोबी उचलून आपली म्हणून विकू लागला. मी खात्यातला माणूस. मी फॉर्म तयार केला: सातबारा, आधार, दोन फोटो. मावशींनी तो फॉर्म हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"सायेब, सातबारा पाहून भाजी कळते काय? सातबारा तर माह्या नावानं बी नाई. जमीन सासऱ्याच्या नावानं, भाजी माह्या हातानं."

"मग ओळखायचं कसं?"

"जेवून."

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. नवा माणूस बाजारात बसायचं म्हणाला, तर आपल्यातल्या दोघांनी न सांगता त्याच्या वावरात जायचं. वावरात, घरी नाही. तो जे विकणार ते त्याने तिथंच तोडायचं, तिथंच तीन दगडांवर शिजवायचं आणि वाढायचं. "ज्याच्या वावरात उभं हाये त्याले काई अवघड नाई. ज्याच्या नाई, तो म्हणते, घरी चला, चहा घेऊ."

याला बाजारात नावच पडलं, पंगत. "काय गा, तुही पंगत झाली काय?" असं नव्या माणसाला विचारायचे. पंगतीला गेलेले दोघं परत येऊन सगळ्यांसमोर सांगायचे. एकदा एका मुळेवाल्याकडून आलेल्यांनी सांगितलं, "मुळा खरा हाये. मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, मुळ्याचे पराठे, सगळं खाल्लं. उद्या आमच्याजवळ कोणी बसू नका." सगळा बाजार हसला होता. त्या फुलगोबीवाल्याने दोघांना "घरी चला" म्हटलं आणि पुढच्या रविवारी तो आलाच नाही. माझा फॉर्म कपाटात राहिला.

मी स्वतः कधी पंगतीला जेवलो नाही. मी विकणारा नव्हतो. साहेब होतो.

राज्यात असे बाजार आणखीही होते. पुण्याकडे, नाशिककडे, लातूर-कोल्हापूरकडे. फोनवर ओळखी झाल्या, एक ग्रुप झाला. कुठे महापालिका जागेवरून उठवत होती, कुठे व्यापारी दमदाटी करत होते. एकट्या बाजाराचं कोणी ऐकत नाही, सगळ्यांनी मिळून राज्याची एक संघटना करावी, असं ठरलं. स्थापनेची सभा नागपूरला घ्या, असं मीच म्हणालो. सकाळी पाहुण्यांनी आमचा बाजार पाहायचा, दुपारी वाडीच्या एका मंगल कार्यालयात सभा. नियम लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. पहिला नियम मावशींचा घेतला: स्वतः पिकवलेलंच विकायचं, नव्या माणसाची पंगत घ्यायची. आणि खाली: दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याचं नाव कायमचं कमी करायचं. कार्यकारिणीच्या यादीत माझ्या नावाखाली मावशींचं नाव होतं, विकणाऱ्यांच्या वतीने.

मावशींना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "माह्यं नाव छापून येईन काय?" मी म्हटलं, येईल. "मंग नातीले दाखवीन." पुढच्या तीन रविवारी त्या हेच सांगत होत्या. एक बाई त्यांना म्हणाली, "मावशी वं, आता तुमच्याशी बोलायले चिठ्ठी टाका लागन काय?"

आता संत्र्यांचं.

आमंत्रणाच्या पत्रात मी एक ओळ लिहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं. "संत्र्यांच्या गावात या, आणि शेतकऱ्याच्या हातून संत्रं खा." ओळ मला आवडली होती. बायकोला दोनदा वाचून दाखवली होती. पण आमच्या बाजारात संत्री नव्हतीच. कधीच नव्हती. आमच्याकडे ज्याची संत्र्याची बाग असते तो बाग झाडावरच व्यापाऱ्याला ठोक देऊन टाकतो. फळ तोडतो व्यापारी, नेतो व्यापारी. बागवाला स्वतः रविवारी पटांगणात बसून चार डझन विकायला येत नाही. शिवाय सभा ठरली जानेवारीत. आंबिया बहाराची फळं संपलेली, मृग बहाराची अजून आंबट. हे सगळं मला माहीत होतं. कृषी खात्यात उभं आयुष्य गेलं होतं. तरी मी ती ओळ लिहिली, कारण नागपूरचा माणूस बाहेरच्याला बोलावताना संत्रं म्हटल्याशिवाय राहू शकत नाही.

पुण्याकडच्या एकाने ग्रुपवर लिहिलं, "संत्री खायला येतोय." दुसऱ्याने पिशवीचं चित्र टाकलं. तिसऱ्याची बायको मुरब्बा करणार होती.

शनिवारी सकाळी मी मावशींना फोन केला. बायको समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, उद्या येताना काटोलच्या फळबाजारातून दोन कॅरेट संत्री घेऊन या. चांगली पाहून."

त्यांनी विचारलं, "कोणासाठी?"

"पाहुणे येणार आहेत. तुमच्या दुकानावर ठेवू."

"सायेब, हे आपल्या बाजारात बसत नाई. तुमाले माहीत हाये."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"या टायमाले संत्रं नसतेच. जे हाये ते कोठून कोठून आलेलं हाये. मी कोणाच्या झाडाचं म्हणून सांगू?"

"कोणी विचारणार नाही."

"विचारलं तं?"

"मी पाहून घेईन. मावशी, माझ्यासाठी आणा. मी तसं पत्रात लिहून बसलो आहे."

पलीकडे एसटीचा हॉर्न ऐकू आला. मग मावशी म्हणाल्या, "तुमी म्हणता म्हणून आणून राहिली. पन सायेब, हे तुमचं काम हाये. ध्यानात ठेवा."

"हो, हो," मी म्हणालो. अगदी असंच. हो, हो.

रविवारी त्यांनी संत्री आणली. प्लास्टिकचे दोन निळे कॅरेट. ती त्यांनी आपल्या भाजीच्या चादरीवर ठेवली नाहीत. हातभर दूर, एका पोत्यावर ठेवली. मला ते खटकलं. मी ते कॅरेट उचलून चादरीवर, वांग्यांच्या शेजारी ठेवले. पाहुणे आले. संत्री सोलली, खाल्ली, फोटो काढले. नाशिककडचे एक गृहस्थ होते, स्वतः द्राक्षवाले, बारीक नजरेचे. त्यांनी मावशींना विचारलं, "ताई, तुमच्या बागेतली का?"

मावशींनी तोंड उघडलं. त्या खरंच सांगणार होत्या, मला ते दिसलं. मी मध्येच बोललो, "हो, हो, काटोलची. मावशींची बाग आहे तिकडे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग तागडी उचलली आणि समोरच्या बाईची वांगी तोलायला लागल्या. त्या दिवशी त्या एकही संत्रं विकत नव्हत्या, ज्याला हवं त्याने उचलावं आणि जावं, असं त्यांनी चालवलं होतं. तेही माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आलं.

दुपारी सभा. खुर्च्या लग्नाच्या, पांढरी कव्हरं घातलेल्या. बाजारातल्या बाया मागच्या तीन रांगांत बसल्या होत्या, मावशी कडेला. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी व्यासपीठावर नियम वाचत होतो. पंगतीचा नियम वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. कोणी म्हणालं, हा नियम राज्यभर नेऊ. मी म्हणालो, हा आमच्या एका ताईंनी दिलेला आहे, आणि मागच्या रांगांकडे हात केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मावशींनी पदर डोक्यावर ओढला.

तेव्हा द्राक्षवाले उठले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "नियम उत्तम आहे. पण सकाळी मी एक फोटो काढला. बागेतली संत्री अडत्याच्या कॅरेटमध्ये कशी आली?" त्यांनी फोन पुढच्या माणसाकडे दिला. कॅरेटच्या कडेला लाल रंगात अडत्याची दोन अक्षरं आणि आकडा होता. फळबाजारातला माणूस ती खूण झोपेतही ओळखतो. फोन हातोहात फिरत व्यासपीठापर्यंत आला. मीही तो पाहिला. कॅरेट वांग्यांच्या शेजारी होता, जिथे मी ठेवला होता.

सभा चालवायला पुण्याकडचे एक ज्येष्ठ होते. त्यांनी सरळ विचारलं, "ताई, संत्री कोणाची?"

मावशी उभ्या राहिल्या. "माह्या झाडाची नाईत. काटोलच्या बाजारातून आणली."

"का आणली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हे कितीदा आठवलं आहे, त्याला गणती नाही. त्या रागाने पाहत नव्हत्या. वाट पाहत होत्या. एसटी येणार हे माहीत असलेला माणूस जसा रस्त्याकडे पाहतो, तशा. मी बोलेन याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की संत्री मी आणायला सांगितली. लोक हसले असते. पत्रातल्या त्या ओळीसाठी मला चिडवलं असतं. कदाचित अध्यक्ष दुसरा कोणी झाला असता. त्याहून जास्त काही झालं नसतं.

मी समोरचा कागद उलटला. त्याच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं.

शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "मावशी, बोल ना वं. काहून आणली?" मावशी माझ्याकडून नजर काढत म्हणाल्या, "आणली. झालं." आणि खाली बसल्या.

सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण बाई माझ्या बाजारातली होती. मी उभा राहिलो. मला माझाच आवाज स्वच्छ ऐकू आला. "नियम सगळ्यांना सारखा. आमच्यापासूनच सुरुवात करू." आणि यादीतल्या माझ्या नावाखालच्या नावावर मी पेनाने रेघ मारली.

टाळ्या पडल्या. मगाशी नियमाला पडल्या होत्या त्याहून जास्त. द्राक्षवाल्यांनी पुढे येऊन माझा हात धरला. म्हणाले, "माफ करा, मला वाटलं होतं तुम्ही सांभाळून घ्याल." अध्यक्ष म्हणून माझं नाव त्यांनीच सुचवलं. चहाच्या वेळी मी मागे पाहिलं तेव्हा कडेची खुर्ची रिकामी होती.

घरी आलो. बायकोने चहा ठेवला. सभेत काय झालं ते तिला बाजारातल्या एका बाईकडून माझ्या आधीच कळलं होतं.

"त्या मावशीले काढलं म्हणे."

"नियम आहे."

"तुमीच तर फोन केला होता ना. मी इथंच बसून होती."

"तुला त्यातलं कळत नाही. संघटना उभी राहत होती. त्या वेळी मी तसं बोललो असतो तर सगळं मोडलं असतं."

तिने कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण माझ्याबरोबर बाजारात येणं तिने सोडलं. भाजी गल्लीत येणाऱ्या ठेल्यावरून घ्यायची. मी तिला त्याबद्दल विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी बाजारात गेलो नाही. बीपी वाढलंय असं कळवलं. तिथे काय झालं ते मुळेवाल्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मावशी आल्या होत्या. नेहमीसारख्या, ऑटोतून गाठोडं घेऊन उतरल्या. कोणी तरी म्हणालं, "मावशी वं, तुमचं नाव तं कटलं." त्या म्हणाल्या, "माहीत हाये. सायेब आले काय?" नाही आले म्हटल्यावर फाटकाबाहेर, शाळेच्या भिंतीला टेकून बसल्या. गाठोडं सोडलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, सायेब आले काय. बाजार उठल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं, प्रत्येक बाईच्या पिशवीत सांबाराच्या दोन-दोन जुड्या टाकल्या आणि निघून गेल्या.

"माणूस वाईट नाई गा ती," मुळेवाला म्हणाला. "काहून केलं असन असं?"

मी म्हणालो, "काय माहीत."

माझं घर त्या पटांगणापासून दहा मिनिटांवर आहे. मी बीपीची गोळीही घेतली नव्हती.

महासंघ मोठा झाला. त्याने चांगली कामं केली, हे मी नाकारत नाही. कितीतरी बाजारांना जागा मिळाल्या, बायांना बसायला सावली मिळाली. कुठेही गेलो तरी पंगतीचा नियम भेटायचा आणि त्याच्या पाठोपाठ संत्र्यांचा प्रसंग. एका गावी प्रशिक्षण देणाऱ्याने मला पाहून तो जास्तच रंगवून सांगितला. त्याच्या गोष्टीत ती बाई रडली आणि तिने हात जोडले. मी त्याला एवढंही म्हणालो नाही की ती रडली नव्हती.

अध्यक्षपद सुटल्यावर, बायको गेल्याच्या पुढच्या वर्षी, मी काटोलच्या एसटीत बसलो. तोही जानेवारीच होता. एक वाक्य तयार केलं होतं. बसमध्ये ते घोकत होतो, परीक्षेला जाणाऱ्यासारखा. काटोलहून काळीपिवळी जीपने त्यांच्या गावी उतरलो. चावडीवर विचारलं. एका माणसाने दुसऱ्याला सांगितलं, "संत्रेवालीचं घर विचारून राहिले." मला वाटलं, दुसरीच कोणी असेल. तो म्हणाला, "तेच. नागपूरच्या बाजारातून काढलं होतं ना तिले, व्यापाऱ्याचा माल विकला म्हणून. तेच."

म्हणजे मावशी बाजारातून हे नाव घेऊन गावी परतल्या होत्या. नातीला दाखवायला छापलेलं नाव नव्हतं, हे होतं.

मावशी वावरात होत्या. तुरीच्या शेंगा तोडत होत्या. मला पाहून ओच्यातल्या शेंगा टोपलीत टाकल्या.

"या सायेब. रस्ता चुकले काय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, पण सुनेला हाक मारून म्हणाल्या, "चूल पेटव वं. सायेब जेवून जातीन." सुनेने माझ्याकडे पाहत विचारलं, "कोण हायेत?" "नागपूरच्या बाजाराचे सायेब." चुलीसाठी तीन दगड तिने जरा आपटूनच ठेवले.

मावशींनी समोरच शेंगा सोलून सोले, म्हणजे हिरवे दाणे काढले, त्यातच बांधावरची वांगी तोडून टाकली. भाजी आणि ज्वारीची भाकर. मी मातीवर मांडी घालून जेवलो. बाजाराला इतकी वर्षं झाली आणि मी पहिल्यांदा पंगतीला बसलो होतो. त्यांनी विचारलं, "बाजार चालून राहिला काय बरा?" मी म्हटलं, चालतो. "मुळेवाला येते काय अजून?" येतो. "त्याले म्हणा, मुळे कमी खात जा." आता त्या काटोलला बसतात, बाजाराच्या दिवशी, रस्त्याच्या कडेला. तिथे कोणी पंगत विचारत नाही.

बांधावर संत्र्याचं एकच झाड होतं. कमरेएवढं. त्यावर चार-पाच हिरवी फळं. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"अजून आंबट हाये," त्या म्हणाल्या. "मृगाचं हाये. या टायमाले संत्रं नसते, सायेब. तुमाले तवाही सांगितलं होतं."

एवढं एकच वाक्य त्या त्याबद्दल बोलल्या. आणि पुन्हा वाट पाहिली. सभेत पाहिली होती तशी. हातातलं काम थांबवून, माझ्याकडे पाहत. मी ताटातली भाकर मोडत होतो. भाकर संपली होती तरी मोडत होतो. घोकलेलं वाक्य तोंडून निघणारच होतं. तेवढ्यात सुनेने विचारलं, "भाजी वाढू काय?" आणि मी म्हणालो, "भाजी फार छान झाली." सुटलो, असं वाटलं. असं वाटल्याची लाज आजही वाटते.

त्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. पिशवीत शेंगा भरून दिल्या. काळीपिवळी समोरून येताना दिसत होती.

"सायेब, काहून आले होते ते सांगितलंच नाई."

"असंच. इकडे काम होतं."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काटोलची एसटी अजूनही सुटते, आणि मला अजूनही चालता येतं. कार्यालयातल्या मुलीला हे असंच्या असं पाठवतो आहे. तिने ते छापलं नाही तरी मला नवल वाटणार नाही. छापलं, तर कार्यकारिणीच्या यादीत माझ्या नावाखाली जे नाव होतं ते परत लिहावं, आणि संत्र्यांचा प्रसंग सांगायचाच असेल तर इथे लिहिला तसा सांगावा. पण छापणं म्हणजे समोर उभं राहून बोलणं नव्हे, हे मला कळतं. त्या दिवशी जाताना बसमध्ये घोकलेलं, वावरात न बोललेलं आणि परत येताना शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीच्या काचेला सांगितलेलं वाक्य हे होतं:

मावशी, ती संत्री मी आणायला लावली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला तोंड होतं आणि मी बोललो नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.